मुक्कामरावाची दहावी बातमी

वेताच्या पट्ट्या पाण्यात तासभर भिजवायच्या असतात. जास्त राहिल्या तर काळ्या पडतात, आणि आठवडाभर राहिल्या तर बादलीला असा वास सुटतो की मांजरसुद्धा वळसा घालून जातं. खुर्च्यांच्या त्या कारखान्यात बादलीला वास सुटला की कुणी शिव्या देत नसे. मिस्त्री चष्मा कपाळावर सारायचे आणि एवढंच म्हणायचे, "पडला वाटतं मुक्काम." मग कुणीतरी बादली गटारात रिकामी करायचं.

मुक्कामराव हे नाव कारखान्यानंच ठेवलेलं. माणूस एकतीस वर्षांचा, अंगानं सडपातळ, बोटं अशी चलाख की खुर्चीची वेताची बैठक विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चार-पाच महिने शहाण्यासारखा काम करायचा. मग एक दिवस गप्प व्हायचा. खिडकीच्या उजेडावर वैतागायचा, हातोडीचा आवाज झाला की हातोडीवाल्याच्या सात पिढ्या काढायचा, दुपारी तीन माणसांचं जेवण एकटा संपवायचा, आणि घरी जाऊन जो आडवा व्हायचा तो दहा-पंधरा दिवस. मधे उठायचा ते दोनच कामांसाठी. एक खायला, आणि दुसरं तुम्हाला कळलंच असेल. खाण्यात गोड काहीही चालायचं. आईनं साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं, तर हे महाशय कुलपाशी भांडत बसलेले. बोलणं पाच वर्षांच्या पोराचं. सगळं काचेपलीकडचं दिसतंय असं काहीतरी पुटपुटायचा आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून घोरायला लागायचा. मग एके सकाळी डोळे उघडायचा, साफ, काल रात्री झोपल्यासारखा, आणि विचारायचा, चहा झाला का.

सतराव्या वर्षी ताप आला होता. ताप गेला, पण जाताना ही झोप ठेवून गेला. तेव्हा ज्यानं त्यानं आपली अक्कल पाजळली. कुणी म्हणालं आळशी आहे, कुणी म्हणालं नशा करतो, मामा म्हणाला लग्न लावून द्या, आपोआप जागा राहील. एका डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्यानं ताकदीनं झोपायला लागला. सहा वर्षांनी एक म्हातारी डॉक्टरीण भेटली. तिनं आईला तासभर प्रश्न विचारले, झोपांच्या तारखा मागितल्या आणि सांगितलं की हे ढोंग नाही, आजार आहे. दोन परदेशी डॉक्टरांच्या नावानं ओळखतात. दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतो. खात्रीचं औषध नाही, पण वय वाढलं की बहुतेकांचा ओसरतो. तोवर झोपू द्या, एकटं सोडू नका, आणि सुस्ती दिसली की सायकलवर बसू देऊ नका. आईनं हे सगळं कागदावर लिहून घेतलं. दहा लाखांत एक म्हटल्यावर तिला आतून थोडा अभिमानही वाटला. त्यांच्या घराण्यात तोवर कुणी एवढं पुढे गेलं नव्हतं.

झोप एक वेळ परवडली, पण उठल्यानंतरचे दिवस नको व्हायचे. जग पंधरा दिवस पुढे गेलेलं आणि हा आपला मागच्या बुधवारात उभा. आपण काय बोललो, कुणाला काय म्हणालो, कुणी आपल्याला कसं पाहिलं, काही धड आठवायचं नाही. लाजेनं घराबाहेर पडायचा नाही. एकदा तर चांगला जागा असून आठवडाभर खोलीत बसून राहिला.

तेव्हा मिस्त्रींनी एक पद्धत सुरू केली. मुक्कामराव उठला की प्लायवूडच्या तुकड्यावर सुतारी पेन्सिलीनं दहा बातम्या लिहायच्या, तो झोपेत असताना घडलेल्या. नऊ खऱ्या, एक खोटी. खोटी कुठली ते त्यानं शोधायचं, पण कुणाला विचारायचं नाही, स्वतः जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. मुदत आठ दिवसांची. पुढच्या सोमवारी संध्याकाळच्या चहाला सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. आणि मधल्या काळात जो कुणी त्याला फोडून सांगेल त्यानं महिनाभर लाकूड चिकटवायचा सरस शिजवायचा. सरस शिजवणं म्हणजे काय ते ज्याच्या नाकानं सोसलंय त्यालाच माहीत. त्यामुळे आजवर कुणी फोडलं नव्हतं.

मिस्त्रींचा डाव साधा होता. दहा ठिकाणी जायचं म्हणजे घराबाहेर पडावंच लागतं. आणि गल्लीतून एक माणूस खड्डे मोजत, पाट्या वाचत, मांजरीची पिल्लं उलटीपालटी करून बघत हिंडायला लागला की लोक त्याच्या झोपेचं विसरतात आणि बातमीचं विचारतात. यादी लिहायची पॉलिशवाल्यानं. तो कारखान्यातला सगळ्यात सराईत थापाड्या होता, आणि खोटी कुठली हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसायचं.

आता काटेवालीकडे येऊ.

दोन गल्ल्या सोडून वजनकाटे दुरुस्त करण्याचं दुकान होतं. ते ती आणि तिचे वडील चालवायचे. वडिलांचे डोळे अधू झाले तेव्हापासून खरं तर तीच. दुकानदारांचे काटे तपासायची, खोटं वजन आलं तर तिथल्या तिथे तोंडावर सांगायची. बाई अशी की नमस्कारसुद्धा तोलून करेल. तिच्या दुकानातल्या खुर्चीची बैठक फाटली म्हणून ती कारखान्यात आली, आणि मुक्कामरावानं ती खुर्ची तीन दिवसांत व्हायची ती तीन आठवडे पुरवली. खुर्ची तिच्या दुकानातून उचलायच्या आधी रोज काहीतरी निमित्त काढून मोजमाप घ्यायला जायचा. खुर्ची काही रोज वाढत नाही, हे तिलाही कळत होतं. पण तिनं एकदाही हटकलं नाही, आणि तिच्यासारखीनं न हटकणं म्हणजे पुष्कळच झालं.

त्याचं लग्न यापूर्वी दोनदा मोडलं होतं. एकदा बोलणी करायला पाहुणे आले तेव्हा हा झोपलेला. आईनं बरं नाही म्हणून सांगितलं, तर त्यातल्या एका म्हाताऱ्यानं दारातून डोकावून विचारलं, आहे ना पण? दुसऱ्या वेळी ह्यानं स्वतःच मुलीला सगळं खरं सांगितलं. ती घरी गेली ती गेलीच. म्हणून या खेपेला गडी काही बोलला नाही. खुर्ची पोचवली, आणि येत्या रविवारी तुमच्या वडिलांशी बोलायला येतो असं सांगून आला.

गुरुवारी बादलीत वेत भिजत घातला आणि शुक्रवारी मुक्काम पडला.

रविवार गेला. काटेवालीनं त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं, वडिलांना इस्त्रीचा सदरा घातला होता. पुढचा सोमवार गेला, मंगळवार गेला. दहाव्या दिवशी ती पत्ता विचारत त्याच्या घरी आली. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवून आली होती आणि त्यातला एकही शब्द हलका नव्हता. दार आईनं उघडलं.

"आहेत का?" काटेवाली म्हणाली.

"आहे," आई म्हणाली, "पण नाही."

मग आईनं तिला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. लपवून एकदा पाहिलं होतं, त्यापेक्षा हे बरं म्हणाली. तो डॉक्टरणीचा कागदही काढून दिला. काटेवालीनं तो दोनदा वाचला आणि प्रश्न विचारले. वर्षातून किती वेळा? किती दिवस? मारतो का? नाही, चिडतो. झोपेत पडतो का? नाही. नंतर आठवतं का? थोडंफार, स्वप्नासारखं. मग म्हणाली, बघू का?

आई घुटमळली. कारण खोलीत पडदे ओढलेले, पांघरूण अर्धं जमिनीवर, आणि मुक्कामराव तोंडाचा आ करून पडलेले, सदऱ्यावर पावाचा चुरा. काटेवाली पलंगाशी जाऊन उभी राहिली. किती वेळ उभी होती ते आईनं मोजलं नाही. तेवढ्यात साहेबांनी एक डोळा उघडला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बिस्कीट."

आईला वाटलं, धरणी फाटेल तर बरं. पण काटेवालीनं कोनाड्यातला डबा उघडला, एक बिस्कीट त्याच्या हातात ठेवलं. त्यानं डोळे मिटून ते खाल्लं आणि कूस बदलली.

निघताना ती दारात थांबली. म्हणाली, उठल्यावर त्यांना कळवा की मी आले होते. उठून कामावर आले की तिथून आठ दिवस थांबेन. स्वतःहून आले आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं तर माझं हो आहे. नाही आले तर वडिलांना घेऊन मी भावाच्या गावी जाणार, तो वर्षभर बोलावतोच आहे. पण ढकलून पाठवू नका. ढकललेला माणूस मला नको.

आई त्या संध्याकाळीच पॉलिशवाल्याकडे गेली. तोंडानं सांगितलं तर पोरगं पांघरुणात तोंड खुपसेल, हे तिला चौदा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. आणि ढकलल्यासारखंही व्हायला नको. यादीत गेलं म्हणजे तो स्वतः जाऊन बघेल. पॉलिशवाल्याला हे पटलं. त्यानं दहाव्या बातमीची जागा राखून ठेवली.

रविवारी मुक्कामराव उठला. सोमवारी सकाळी कारखान्यात पॉलिशवाल्यानं उभं राहून यादी वाचली. डोक्याला पट्टी होती, गुडघा सुजला होता, कारण तो शिडीवरून पडला होता आणि ती बातमी क्रमांक नऊ होती. यादी वाचायलाच म्हणून आला, वाचून घरी गेला आणि पुढचे आठ दिवस पाय उशीवर ठेवून पडून राहिला. बाकी बातम्या अशा. पुलाजवळच्या खड्ड्यात दूधवाला सायकलसकट गेला. इस्त्रीवालीच्या मांजरीला पाच पिल्लं झाली, त्यातलं एक बिनशेपटीचं. शाळेकडून चाळीस खुर्च्यांचं काम आलं. औषधाच्या दुकानाची लाल पाटी हिरवी झाली. सहावी, न्हाव्यानं मिशी काढली. अशा करत करत दहावी: काटेवाली घरी आली होती, तुला झोपलेला पाहिलं, आणि म्हणाली, आठ दिवसांत स्वतः येऊन सगळं सांगितलंस तर तिचं हो आहे.

दहावी ऐकताना मुक्कामराव खाली बघून फळीवरचा भुसा झाडत होता. फळी आधीच स्वच्छ होती.

खोटी होती सहावी. न्हाव्याची मिशी गेली बारा वर्षं त्या गल्लीची खूण होती. दोन्ही टोकं वर वळवलेली, तेल पाजलेली, आणि तिचंच चित्र दुकानाच्या पाटीवर. मिशी काढली म्हणणं म्हणजे पुलानं जागा बदलली म्हणण्यासारखं. पॉलिशवाल्यानं ती थाप मुद्दाम सोपी ठेवली होती. या खेपेला पोराचा वेळ खोटं शोधण्यात जायला नको, असा त्याचा हिशेब.

संध्याकाळी मुक्कामराव यादी बगलेत मारून निघाला. खड्डा पाहिला. पिल्लं पाहिली, बिनशेपटीचं बोटाला चावलं. हिरवी पाटी पाहिली. आणि न्हाव्याच्या काचेतून आत बघतो तर न्हाव्याचं थोबाड सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं. ओठावर केस म्हणून नाही. मुक्कामरावानं यादीवर बरोबरची खूण केली.

बुधवारपर्यंत नऊच्या नऊ खऱ्या निघाल्या. उरली एक. आता नऊ खऱ्या म्हटल्यावर दहावी खोटी, यात शंका घ्यायला जागाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला ती पहिल्यापासूनच खोटी वाटत होती. आपण झोपेत कसे दिसतो ते त्याला आईनं एकदा रागाच्या भरात सांगितलं होतं. तसं पाहून कुठली बाई हो म्हणेल? पॉलिशवाल्याचा मात्र त्याला राग आला. थट्टेला काही धरबंध असावा की नाही. पण नियम म्हणजे नियम, उत्तर सोमवारी.

गुरुवारी तो काटेवालीच्या दुकानावरून गेला. समोरच्या बाजूनं, आपलं सहज. ती एका काट्याच्या दोन्ही पारड्यांत वजनं घालून बघत होती. तिनं मान वर केली. त्याबरोबर हे महाशय खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. पायात चपला होत्या. तिनं ते पाहिलं, वजनं उचलली आणि खोक्यात ठेवली.

घरी आईनं विचारलं, दहाही बघून झाल्या का? झाल्या, म्हणाला, खोटी सापडली. आईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. तिनं ताडलं की जाऊन आलाय आणि काहीतरी बिनसलंय, नाहीतर ह्याच्याच मनात नाही. विचारावं तर ढकलल्यासारखं होतं. मग तिनं ते सगळं भांड्यांवर काढलं. चार दिवस त्या घरात एक पातेलं सरळ ठेवलं गेलं नाही.

सोमवार उजाडला. दुपारी मिस्त्रींनी मुक्कामरावाच्या वाढलेल्या दाढीकडे बघितलं आणि म्हणाले, उत्तर द्यायचंय आज, जरा माणसात ये. साडेपाचला तो न्हाव्याच्या खुर्चीत बसला. न्हाव्यानं गळ्याभोवती कापड गुंडाळलं, तोंडाला फेस फासला, डावा गाल साफ केला. काहीतरी बोलायचं म्हणून मुक्कामरावानं विचारलं, "मिशी कधी काढलीत?"

न्हावी वस्तरा हातात धरून थांबला. बरेच दिवस तो कुणीतरी हे विचारायची वाट बघत असावा.

"काढली नाही, गेली," तो म्हणाला. "तुमच्या त्या यादीपायी. सोमवारी सकाळी तुमच्यात यादी वाचली, दहा वाजल्यापासून जो तो दारात. आहे का मिशी? आहे का मिशी? दुपारी मी आरशापुढे टोकं सारखी करत होतो, तेवढ्यात मागून इस्त्रीवाली ओरडली, अगंबाई, आहे की! हात हलला, उजवं टोक गेलं. मग डावं कमी केलं. मग उजवं. बारा वर्षांची मिशी, मुक्कामराव, वीस मिनिटांत खलास."

"म्हणजे यादी वाचली तेव्हा होती?"

"होती म्हणजे? चांगली होती."

मुक्कामराव आरशात बघत राहिला. विणकर माणूस, एक पट्टी चुकली की सगळी जाळी कुठे वाकडी जाते हे त्याला सांगावं लागत नाही. सहावी खोटी होती. ती मागाहून खरी झाली. म्हणजे खोटी एकच असते, तर दहावी...

तो उठला तो तसाच. उजव्या गालावर फेस, गळ्यात कापड, पायात एकच चप्पल. मागून न्हावी ओरडत होता, कापड, कापड. गल्लीला वाटलं वस्तरा लागला.

काटेवालीनं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं होतं. आत वजनांची खोकी दोरीनं बांधून ठेवलेली. वडील त्याच खुर्चीत बसलेले, नव्या वेताच्या. ती वळली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मला वाटलं ते खोटं आहे," तो धापा टाकत म्हणाला.

"काय खोटं?"

"तुम्ही आला होतात ते."

"वरचा डावीकडून तिसरा दात किडलाय तुमचा," ती म्हणाली. "आ केला होतात तेव्हा दिसला. आणि मला बिस्कीट मागितलंत. मी दिलं."

तो खाली बघायला लागला.

"झोपता त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "सांगितलं नाहीत, त्याचं आहे. ते सांगायला या म्हणाले होते. सांगा आता."

आणि त्यानं सांगितलं. फेस वाळत होता, बोलताना त्याचे तुकडे गळत होते, पण सांगितलं सगळं. ताप, कुलूप, काच, मोडलेली दोन लग्नं, बुटाची नाडी. वडील मान हलवत ऐकत होते. मधेच न्हावी येऊन पोचला, एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात चप्पल. त्याला कापड हवं होतं. पण आत काय चाललंय ते बघून तो दारात थांबला, आणि गोष्ट संपल्यावर म्हणाला, हरकत नसेल तर उरलेला गाल इथंच उरकतो, माझं गिऱ्हाईक अर्धं सोडायची पद्धत नाही.

वडील उठले. मुक्कामराव स्वतःच विणलेल्या खुर्चीत बसला. न्हाव्यानं थोडं पाणी आणि साबण मागून घेतला, पुन्हा फेस केला आणि वस्तरा गळ्याला लावला. तेव्हाच नेमकं काटेवालीनं विचारलं.

"पुढच्या वेळी झोपलात की यादीत खोटी बातमी मी घालू देणार नाही. दहाच्या दहा खऱ्या. चालेल?"

मुक्कामरावाचा गळा हलला.

"हलू नका," न्हावी म्हणाला. "हो असेल तर बोट वर करा."

त्यानं दोन्ही हात वर केले. कापडासकट.

चहाला त्या दिवशी तो आलाच नाही. मिस्त्रींनी तासभर वाट पाहिली आणि पॉलिशवाल्याच्या घरी निरोप धाडला की उत्तर बहुतेक सापडलंय. काटेवालीनं खोक्यांच्या दोऱ्या त्याच संध्याकाळी सोडल्या. लग्न साधंच झालं, दोन मुक्कामांच्या मधला महिना बघून. न्हाव्याची मिशी परत यायला चार महिने लागले, आणि तोवर पाटीवरचं चित्र बघून लोक त्याला मालक कुठे गेले म्हणून विचारत.

दात मात्र तिनं पुढच्याच आठवड्यात काढायला लावला.